दक्षिण कोठडीचा गिलावा

माझ्या बोटांना ठसे नाहीत. रेशनच्या दुकानातलं यंत्र मला ओळखत नाही, बँकेतलं ओळखत नाही. मतदानाला गेले की तिथली बाई माझा अंगठा चार वेळा पुसते आणि वैतागून म्हणते, "काकू, तुम्ही यात दिसतच नाही." चाळीस वर्षं चुना घोटला की असंच होतं, चुना कातडी खातो. तर अशा मला, द्वारका मसुरकरला, एका यंत्रानं बरोब्बर ओळखलं. तेही पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंतीत. ओळखलं आणि लगेच पुसूनही टाकलं.

कसं ते सांगते. मधे माझा आवाज चढला तर चढू दे, आता कुणाला घाबरायचं राहिलेलं नाही.

शिरटोक बंदरात धक्क्याला लागून एक वखार आहे. बांधली फिरंग्यांनी. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेली माणसं गोव्याला पाठवायच्या आधी इथे डांबायचे. मग दाभिळकर सरदारांनी ती जिंकली आणि सत्तर वर्षं तिथेच राहिले. मग इंग्रजांचं जकातीचं ऑफिस आलं, मग सरकारी खताचं गोदाम. दोन हजार पस्तीस साली 'शिरटोक वारसा प्रतिष्ठान' निघालं आणि वखारीची डागडुजी सुरू झाली. चुन्याचं काम माझ्याकडे आलं, कारण जुन्या पद्धतीनं गिलावा घोटणारं या किनाऱ्यावर दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

गिलावा घोटणं म्हणजे थापी मारून निघून जाणं नव्हे. शिंपल्याचा चुना महिनाभर मुरवायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. भिंतीला लावून गारगोटीनं घोटायचा आणि शेवटचा हात उघड्या तळव्यानं द्यायचा. चुना घट्ट होऊ लागला की तळव्याखाली एकदम गार पडतो. तो क्षण साधला तर भिंत आरशासारखी होते, हुकला तर वर्षाच्या आत पोपडे सुटतात. माझे उस्ताद करीमचाचा म्हणायचे, "मोजे घालायचे असतील तर घरी जाऊन भाकऱ्या थाप." प्रतिष्ठानाचा नियम मात्र हातमोज्यांचा. कामाच्या नोंदवहीत रोज एक रकाना असायचा, 'हातमोजे: होय किंवा नाही'. आमचा मुकादम शनिवारी वही पुढे सरकवायचा आणि आम्ही सगळे आठवड्याच्या नोंदी एका बैठकीत भरून टाकायचो. होय, होय, होय, होय. चहा गार व्हायच्या आत आठवडा संपायचा. मी कशाला खोटं बोलू, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. ज्यांनी कधी अशी वही भरली असेल त्यांना कळेल.

आता माझी मुलगी, शलाका. पुण्याला शिकली, हैदराबादला मोठी पदवी घेतली आणि प्रतिष्ठानाची शास्त्रज्ञ म्हणून घरी परत आली. का परत आली, तर पाट्यांमुळे.

त्या वेळी पाट्यांवरून महाराष्ट्रात नुसता धुमाकूळ चालला होता. किल्ला असो, वखार असो, संग्रहालय असो, तिथे काय लिहायचं यावरून मोर्चे निघायचे. 'गुलाम' शब्द लिहिला की एक पक्ष पाटी फोडायचा, नाही लिहिला की दुसरा. कागदपत्रं काढली की हे म्हणायचे बनावट, ते म्हणायचे पक्षपाती. शेवटी दोघेही दमले आणि दोन हजार चाळीस साली कायदा आला. वारसास्थळाच्या पाटीवर फक्त तेच लिहायचं जे यंत्र सिद्ध करील. कागद चालणार नाही, आठवण चालणार नाही, गाणी-ओव्या तर नाहीच नाही. त्यावर निकाल द्यायला 'मजकूर प्राधिकरण' बसवलं. पाटीवर चार ओळी कुठल्या लिहायच्या ते ठरवायला तीन माणसं, दोन गाड्या आणि एक इमारत!

ते यंत्र म्हणजे स्तरवाचक. शलाकानं मला समजावलं ते असं. शिंपले भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना उरतो. तो भिंतीला लावला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. दगड होताना जे जवळ असेल ते पोटात घेतो: घोटणाऱ्याच्या तळव्याची सोललेली कातडी, घाम, कधी रक्त. त्यातला डीएनए चुन्याच्या स्फटिकांना चिकटून बसतो. त्याचे तुकडे होतात, टोकं झिजतात, पण शेकडो वर्षं तो तिथेच असतो. स्तरवाचक कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थर एकेक करून लेसरनं उडवतो आणि कुठल्या थरात कुणाचा डीएनए आहे ते वाचतो. थर किती जुना तेही सांगतो.

"म्हणजे ज्यांचं नाव कुणी लिहिलं नाही, त्यांनी स्वतःच सही करून ठेवलीय," शलाका म्हणाली होती. बोलताना तिचे डोळे असे चमकत होते की मी तिच्या ताटात आणखी एक घावन वाढलं.

पहिल्यांदा उत्तर दालन वाचलं. खालच्या थरात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माणसांचा डीएनए सापडला, एकवीस जणांचा. डांबलेल्या माणसांकडूनच त्यांच्या तुरुंगाच्या भिंती घोटून घेतल्या होत्या. प्राधिकरणानं महिन्यात मंजुरी दिली. पाटीच्या समारंभाला मंत्री आले, बँड आला. मुरुडकडचं एक सिद्दी कुटुंब आलं होतं. त्यातला एक म्हातारा भिंतीला हात लावून हमसून हमसून रडला. मी चुनेवाली, भिंतीला हात लावणं माझं रोजचं काम, पण तसा हात मी कधी लावला नव्हता. प्रतिष्ठानाचे अध्यक्ष जयसिंगराव दाभिळकर, त्याच सरदारांचे वंशज, त्यांनी म्हाताऱ्याला शाल घातली आणि भाषण ठोकलं, "परकीयांचे अत्याचार आम्ही लपवणार नाही." टाळ्याच टाळ्या.

फिरंग्यांचे अत्याचार कोण लपवील? फिरंगी काय मत द्यायला येणार आहेत?

राहिली दक्षिण कोठडी. ती दाभिळकरांच्या काळात वाढवलेली. शलाकाला मोडीतलं एक पत्र मिळालं होतं, उत्तरेच्या मोहिमेतून आणलेल्या सहा बायका चुन्याच्या कामास लावून कोठडीत ठेवल्या आहेत असं. कुणबिणी म्हणायचे त्यांना. विकत घेतलेल्या, लुटीत आणलेल्या, बक्षीस दिलेल्या बायका. पत्र पुरावा म्हणून चालणार नव्हतं. तिनं नियमाप्रमाणे एकच नमुना काढला आणि यंत्रात घातला. निकाल आला कोरा. चौथ्या थरात काहीच नाही.

"असं कसं होईल?" ती आठवडाभर एवढंच बडबडत होती. जेवताना, अंघोळीला जाताना, दात घासताना. मग एका दुपारी धावत घरी आली. मी ओसरीवर शिंपले निवडत होते. ती समोर बसली, तिला धाप लागली होती.

"आई, थर कोरा नाहीये. यंत्रानं तो कोरा केलाय."

"म्हणजे गो काय?"

"आम्ही काम करणाऱ्या सगळ्यांचा डीएनए आधीच यंत्राला देऊन ठेवतो. तू दिलास, मी दिला, मुकादमानं दिला. आमच्या हाताची घाण नमुन्यात आली तर ती वगळावी म्हणून. वगळणीची यादी असते. मी आज कच्चा निकाल काढून बघितला. चौथ्या थरात सतराशे सत्तरच्या आसपासचा एका बाईचा डीएनए होता. यंत्रानं तो टाकून दिला, कारण तो आपल्याशी जुळला."

"माझा हात लागला असेल म्हणजे."

"नाही. तुझा नाही तो, टोकं पार झिजलेली आहेत. पण आईकडून लेकीला आणि लेकीकडून नातीला जसाच्या तसा जाणारा एक भाग असतो, तो तंतोतंत तुझा आहे. माझा आहे. आणि आई, तो भाग या किनाऱ्यावर सापडतच नाही. तो बुंदेलखंडाकडे सापडतो."

माझ्या हातातला शिंपला तसाच राहिला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिरटोकचे, असं माझी आई सांगायची, तिची आई सांगायची. कुणी कधी म्हटलं नव्हतं की आपल्यातली एक कुणाच्या तरी घोड्यामागून बांधून आणलेली आहे. मला राग आला, कुणाचा ते कळेना. मग रडू आलं. यंत्रानं तिला फेकून दिलं, का, तर ती आमच्यासारखी दिसत होती!

"पाटीवर लिहायचं," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांदेखत लिहायचं. मुरुडच्या म्हाताऱ्यासारखा मलाही एकदा भिंतीला हात लावायचाय."

"लिहू," शलाका म्हणाली. "फक्त वगळणीच्या यादीतून आपलं नाव काढायचा अर्ज करावा लागेल. आणि तू त्या कोठडीत कधी काम केलं नाहीस, हे दाखवावं लागेल. नोंदवही आहेच."

मी मान खाली घालून पुन्हा शिंपले निवडायला लागले. ती खुशीत होती, तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फटाके फुटायला लागले. बातमी बाहेर कशी गेली देव जाणे. एका पक्षानं बंदरावर मोर्चा आणला, 'सरदारांची पापं उघडी करा'. दुसऱ्यानं त्याला उत्तर म्हणून वखारीला भगव्या पताका बांधल्या, 'आमच्या पूर्वजांची बदनामी खपवून घेणार नाही'. पहिल्या पक्षाचा एक पुढारी घरी आला, चहा प्यायला आणि विचारून गेला की ती बाई नक्की कुठल्या जातीची. शलाका म्हणाली, डीएनएत जात नसते. तो पुन्हा फिरकला नाही. महिन्याभरात त्याचा मोर्चा दुसऱ्या कुठल्या तरी पुतळ्याकडे वळला.

परक्यांचं सोडा. माझा सख्खा भाऊ दत्ताराम दारात उभा राहून ओरडला, "ताय, तुझं डोकं फिरलंय काय? आम्हाला बटकीची अवलाद म्हणून जाहीर करतेस? माझ्या पोरीचं लग्न ठरतंय!"

"अरे, ती तुझीपण आजी होती."

"माझी कुणी नव्हती. मागे घे, नाहीतर तू मला मेलीस."

त्यानं मागे वळून बघितलं नाही. लहानपणी याच दत्तारामाला मी कडेवर घेऊन शिंपले वेचलेत. त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका शेजारच्या घरी आली, आमच्या नाही.

सुनावणीला चार दिवस राहिले तेव्हा मी शलाकाला खरं सांगितलं. ती लॅपटॉपवर मान घालून बसली होती.

"शले, ती वही खोटी आहे."

"कुठली?"

"हातमोजे मी कधीच घातले नाहीत. उत्तर दालन सगळं उघड्या हातानं घोटलंय. आणि दक्षिण कोठडीत मी पाऊलही टाकलं नव्हतं. कुलूप होतं, किल्ली सापडत नव्हती. पण वखारीच्या उद्घाटनाची तारीख जवळ आली होती. मुकादम म्हणाला, लिहून टाक, नंतर करू. मी लिहिलं, 'दक्षिण कोठडी, घोटाई पूर्ण, दोन दिवस, हातमोजे होय'. नंतर कुणी केलं नाही. ती भिंत जशीच्या तशी राहिली, कोठडीचं कुलूप पुढे तूच उघडलंस."

तिनं लॅपटॉप मिटला. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आई, माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती."

मग उठून पाणी प्यायली आणि म्हणाली, "जे आहे ते सांग. सगळं सांग. दुसरं आता काय करणार."

सुनावणी अलिबागला झाली. मोठं दालन, थंडगार एसी, तीन सदस्य वर. प्रतिष्ठानाचा वकील फार गोड बोलणारा. त्यांनी हैदराबादचाच एक तज्ज्ञ आणला होता. तो म्हणाला, ताज्या चुन्यात डीएनए लवकर झिजतो, त्यामुळे झिजलेली टोकं म्हणजे जुनाच डीएनए असं नाही. जुन्या भिंतीची नुसती घोटाई केली तर वेगळा नवा थर दिसत नाही, चुन्याचं पाणी मात्र भेगांतून खालच्या थरापर्यंत उतरतं. पाच-सहा वर्षांपूर्वीचा हातही तिथे पोचू शकतो. शलाका म्हणाली, शकतो, पण इथे पोचलेला नाही, कारण आईनं ती भिंत घोटलेलीच नाही. सदस्यांनी माना डोलावल्या. शास्त्र दोन्हीकडे तेवढंच होतं. म्हणजे आता फक्त माझ्या शब्दावर आलं.

वकील माझ्याकडे वळला. "द्वारकाबाई, ही सही तुमची?"

"माझीच."

"इथे लिहिलंय, हातमोजे होय. खरं?"

"खोटं."

"इथे लिहिलंय, दक्षिण कोठडी, दोन दिवस. खरं?"

"तेही खोटं. मुकादमाला विचारा."

मुकादम मागच्या बाकावर होता. उठला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आठवत नाही साहेब." मेल्याला माझ्या हातचं मासळीचं कालवण बरं आठवतं!

वकिलानं पडद्यावर माझीच मुलाखत लावली. उद्घाटनाच्या दिवशी टीव्हीवाल्यांना दिलेली. नवी साडी, केसात अबोली आणि मी तोऱ्यात सांगतेय, "माझा हात फिरला की जुनी भिंत कुठली आणि नवी कुठली, ते देवालासुद्धा कळायचं नाही."

सगळे हसले. वरचे तिघेही हसले.

"मग प्राधिकरणाला तरी कसं कळावं?" वकील म्हणाला. "बाई, तुम्ही चांगल्या कारागीर आहात. पण हातमोज्यांबद्दल तुम्ही खोटं लिहिलं, कामाबद्दल खोटं लिहिलं. आणि आज मुलीच्या फायद्यासाठी जे सांगताय तेवढंच खरं?"

घरी भांडायला मला शब्द कमी पडत नाहीत. तिथे मी दोन्ही तळवे वर करून दाखवले. कशासाठी ते मलाही माहीत नाही. गुळगुळीत, पांढरे पडलेले तळवे. प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणाले, "बसा, ताई."

निकाल पंधरा दिवसांनी आला. नमुना दूषित. नियमाप्रमाणे उरलेला नमुना आणि कच्चा निकाल नष्ट. नवीन नमुन्यासाठी दहा वर्षं अर्ज नाही. पाटीवर लिहायचं ते असं: 'या दालनाच्या वापराविषयी पुरावा उपलब्ध नाही.'

शलाकाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. काढलं नाही, करार वाढवला नाही, असं म्हणायचं असतं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत तिला खालच्या जागेवर घेतलं. बस सुटायच्या आधी तिनं माझा हात धरला.

"दहा वर्षं, आई. एक्कावन्न साली मी पुन्हा अर्ज करणार. तोवर नवं यंत्र येईल, ताजा आणि जुना डीएनए नक्की वेगळा करणारं. त्यावरच काम करणारे मी. तू फक्त ती भिंत सांभाळ. तिला कुणी हात लावायला नको."

"सांभाळते," मी म्हटलं.

दोन महिन्यांत ऐकू आलं, दक्षिण कोठडीत आठवणवस्तूंचं दुकान होणार. भिंत जुनाट दिसते म्हणून खरवडून सिमेंट मारणार. मी तडक जयसिंगरावांकडे गेले. ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, लिंबाचं सरबत मागवलं. माणूस वाईट नाही, हेच तर जिवाला लागतं. त्यांना ओरडायलाही जागा नव्हती.

"साहेब, सिमेंट नको. खरवडू नका. त्यावरून मी चुन्याचा पातळ गिलावा देते. दिसायला नवीन दिसेल."

त्यांनी सरबताचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "द्वारकाबाई, तुमच्या मुलीचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण माझ्याही घरात माणसं आहेत. उद्या माझ्या नातवानं शाळेत काय ऐकायचं?"

"माझ्या भाच्यांनी ऐकलं तेच."

त्यांनी मान खाली घातली. "चुना लावा. पण हातमोजे घालून आणि कॅमेऱ्यासमोर. नाहीतर लोक म्हणतील, बाईनं पुन्हा आपला हात भिंतीत घातला."

त्यांनी सांगितलं नसतं तरी मी हातमोजे घालणारच होते. दहा वर्षांनी माझी पोर ती भिंत उघडील तेव्हा माझ्या कातडीचा कणही त्यात सापडता कामा नये. सहा दिवस काम केलं, कोपरापर्यंत रबर. आधी खूप पातळ, कमजोर चुन्याचा हात दिला, पुढे सहज सोडवता यावा म्हणून. त्यावर नवा गिलावा. शेवटच्या हाताला मी भिंतीवर तळवा टेकवला आणि मला काहीच कळलं नाही. गार पडलाय का, ओला आहे का, घट्ट होतोय का. रबराखाली सगळं सारखंच लागत होतं. अंदाजानं घोटला. वर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. एकदा तर मोजा काढायला हात गेला, पण पोरीचं तोंड आठवलं. तसाच ठेवला.

नोंदवहीत लिहिलं, 'हातमोजे: होय'. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खरं.

भिंत छान दिसली. दुकानात शंखांच्या माळा आल्या, सरदारांच्या तलवारीचे, फ्रिजला लावायचे चुंबक आले. मी आठवड्यातून एकदा जाऊन दारातूनच भिंत बघून यायचे. शलाका दर रविवारी फोन करायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "भिंत कशी आहे?" मी म्हणायचे, "आहे गो, तुझ्यापेक्षा धडधाकट आहे." मग ती हसायची आणि यंत्राचं सांगायला लागायची. तिच्या हाताखाली आता दोन माणसं होती. नवं यंत्र चार-पाच वर्षांत होईल म्हणत होती. त्या एका गोष्टीवर ती तगून होती, आणि खरं तर मीही.

अकराव्या महिन्यात भिंतीला पोट आलं. बघताक्षणीच कळलं मला. शेवटचा हात लवकर पडला होता, पाणी आत कोंडलं होतं आणि पातळ चुना सुटायच्या ऐवजी जुन्या थरालाच जाऊन चिकटला होता. मी मुकादमाला सांगितलं, हात लावू नका, मी उद्या सामान घेऊन येते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचले तर आधीच पडली होती. नवा गिलावा एका चादरीसारखा सुटला आणि जाताना जुना घेऊन गेला. मागचे जांभे दगड उघडे पडले होते. दुकानवाली पोरगी म्हणाली, "काकू, बरं झालं गिऱ्हाईक नव्हतं." दोन कामगार घमेली भरभरून धक्क्यावरून खाडीत ओतत होते.

"थांबवा!" मी ओरडले. तोवर शेवटचीच दोन घमेली राहिली होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि तुकडे उलटे करून बघायला लागले, बोटांच्या टोकांत फडकं धरून, सवयीनं. एका हाताएवढ्या तुकड्याच्या पाठीवर जुना थर होता. बदामी, मऊ, काय घोटला होता! त्याच्या कडेला चार बारीक चर होते, शेजारी शेजारी. चुना अजून ओला असताना कुणाचा तरी हात तिथे सरकला होता. लहान हात होता, माझ्या हातापेक्षा पुष्कळ लहान. पोरच असेल ती.

उघड्यावर पडलेला, मातीत मिसळलेला तुकडा प्राधिकरण पुरावा मानत नाही. तो कायदा मला पाठ होता. आता तो जपायचं काहीच कारण उरलं नव्हतं. मी फडकं टाकलं आणि माझी बोटं त्या चरांवर ठेवली. कुणी पाहायला नव्हतं, बँड नव्हता, शाल नव्हती. मुरुडच्या म्हाताऱ्यासारखं रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. कामगार घमेलं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मावशी, हेपण टाकायचं ना?"

त्याच आठवड्यात सिमेंट मारलं. मी जाऊन त्यावर एकदा हात फिरवून आले. जयसिंगरावांनी निरोप पाठवला की फार वाईट वाटलं. पाटी तीच राहिली, पुरावा उपलब्ध नाही. आता ती खरीच झाली.

रविवारी फोन आला. शलाकाचा आवाज एवढा खुशीत मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"आई, यंत्र चाललं! चाचणीत बारा वर्षांपूर्वीचा आणि दोनशे वर्षांपूर्वीचा डीएनए अगदी वेगळा दाखवला. आता कुणी म्हणू दे तुझा हात लागला म्हणून! फक्त आठ वर्षं आणखी." मग श्वास घेऊन तिनं नेहमीचं विचारलं, "भिंत आहे ना?"

मी तळव्याकडे बघितलं. सिमेंटची धूळ नखांत बसली होती.

"आहे," मी म्हटलं.